ताटावरून उठवलेली बाई

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात जुंपली. एका गाजलेल्या मराठी नाटकावर सिनेमा येणार अशी पुडी कुणीतरी सोडली आणि सांगलीच्या दादाला तेवढं पुरलं. दादा माझा चुलतभाऊ, वय एकसष्ट. राज्य नाट्य स्पर्धेची प्रशस्तिपत्रं त्याच्या घरी देवांच्या तसबिरींच्याही वर लावलेली आहेत. त्यानं लिहिलं, "नाटकाचा सिनेमा म्हणजे पुरणपोळीचा पिझ्झा. नाटक शब्दावर उभं असतं. शब्दाला हात लावाल तर खबरदार."

पुण्याचा भाचा ऐकणाऱ्यातला नाही. "मामा, मी 'कट्यार काळजात घुसली' आधी सिनेमा म्हणून बघितला, मग अभिषेकीबुवांची मूळ पदं शोधून ऐकली. उलट्या वाटेनं गेलो, पण पोचलो ना?" मी भाच्याच्या बाजूनं दोन ओळी टाकल्या. त्यावर दादाचं उत्तर आलं, "तू तिकडं बर्फात बसून नाटकावर बोलू नकोस. शेवटचं नाटक कधी पाहिलंस?"

झोंबलं, कारण खरं होतं. नाट्यगृहात बसून मी शेवटचं मराठी नाटक पाहिलं ते २०१९ च्या डिसेंबरात, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात. त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिका, त्याही शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या टोपलीखाली. परदेशात राहणाऱ्याला घरच्या वादात दोनच भूमिका मिळतात: गहिवर काढायचा, नाहीतर 'आमच्याकडं असं नसतं' म्हणून नाक उडवायचं. दोन्हींचा मला कंटाळा आलाय. पण दादानं बर्फाचं नाव काढलं, आणि नेमकं बर्फाबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं आहे.

मी राहते ते गाव अमेरिकेत, कनेक्टिकट नदीच्या काठावर, न्यू हॅम्पशायर राज्याच्या बाजूला. पूल ओलांडला की व्हरमाँट राज्य लागतं आणि व्हाइट रिव्हर जंक्शन नावाचं एक जुनं रेल्वेचं गाव. तिथं व्हाइट नदी कनेक्टिकटला मिळते. संगम म्हटला की मला हरिपूर आठवतं, वारणा-कृष्णेचं. फरक एवढाच की आमच्या नद्या श्रावणात अंगावर येतात आणि इथल्या मार्चमध्ये. हिवाळाभर गोठलेलं पात्र तडकतं, दाराएवढ्या लाद्या एकमेकींवर चढतात, रात्री त्यांचा आवाज घरात ऐकू येतो.

१९२० च्या मार्चमध्ये या नदीवर डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा अमेरिकन सिनेदिग्दर्शक कॅमेरा घेऊन आला होता. लिलियन गिश ही त्याची नायिका वाहत्या लादीवर आडवी पडली, पातळ कपड्यात, केस आणि एक हात पाण्यात सोडून. हात पाण्यात सोडायची कल्पना तिचीच. पुढं आयुष्यभर तो हात दुखत राहिला असं ती सांगायची. काही तुकडे नंतर उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यात फार्मिंग्टनला लाकडाच्या खोट्या लाद्यांवर घेतले, आणि पडद्यावर दिसणारा मोठा धबधबा तर आमच्या नदीत नाहीच. पण नायिकेच्या अंगाखालचा बर्फ बराचसा इथला. सिनेमाचं नाव 'वे डाउन ईस्ट'.

आणि तो नाटकावरून केलेला होता. लॉटी ब्लेअर पार्कर या बाईंचं नाटक १८९८ मध्ये न्यूयॉर्कला आलं आणि पुढं वीसेक वर्षं गावोगाव फिरलं. फसवलेली मुलगी, मेलेलं मूल, कडक म्हातारा, वादळ: सगळा मसाला. १९२० पर्यंत ते इतकं शिळं झालं होतं की शहरी माणसं त्याची टिंगल करत. ग्रिफिथनं त्याच्या हक्कांसाठी १ लाख ७५ हजार डॉलर मोजले. पाच वर्षांपूर्वीचा त्याचा सर्वांत गाजलेला सिनेमा अख्खा त्याहून कमी पैशांत झाला होता. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. नाटक वाचताना आपल्याला हसू आलं, असं गिशनंही पुढं आठवणींत लिहिलं.

(त्या आधीच्या सिनेमाचं नाव 'द बर्थ ऑफ ए नेशन'. त्यात काळ्या माणसांना राक्षस आणि त्यांना मारणाऱ्या कू क्लक्स क्लानला देवदूत करून दाखवलंय. सावळ्या कातडीची माणसं म्हणून इथं राहताना ग्रिफिथचं कौतुक करायला माझी जीभ जड होते. कौतुक करायचं ते हे माहीत असताना करायचं, एवढंच.)

आमच्याकडं हा सिनेमा लागला तो आईमुळं. ऑक्टोबरात आली ती मार्चपर्यंत राहिली. तिला इंग्रजी मालिका कळत नाहीत आणि लेकीला मराठी मालिका सोसत नाहीत. मग मीच म्हटलं, मूक सिनेमा लावू, शंभर वर्षांपूर्वीचा, आपल्या नदीवरचा. इंग्रजी पाट्या येतील तेवढ्या लेक वाचून दाखवेल. ती दाखवत होतीही, तिच्या मराठीत: "आजी, तो तिला फूल बनवतोय." वीस मिनिटांनी आई म्हणाली, "तू गप बस बाई. कळतंय मला."

गोष्ट अशी. अ‍ॅना मूर ही गरीब मुलगी बॉस्टनच्या श्रीमंत नातेवाइकांकडं मदत मागायला जाते. तिथं सँडरसन नावाचा एक पैसेवाला रंगेल माणूस तिच्याशी खोटं लग्न लावतो. दिवस गेल्याचं सांगितल्यावर तो लग्न खोटं होतं म्हणतो आणि हात झटकतो. परक्या गावात, भाड्याच्या खोलीत ती बाळंत होते. बाळ जगणार नाही हे दिसतंय, आणि बाप्तिस्म्याशिवाय गेलं तर त्याला गती नाही असं तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. मग ती स्वतःच बाळाच्या कपाळाला पाणी लावते, त्याला नाव देते. तिथं संगीताखेरीज काही नाही. नुसता चेहरा. आई एवढंच म्हणाली, "बारसं एकटीनं करतेय."

पुढं ती बार्टलेट नावाच्या कर्मठ शेतकऱ्याच्या घरी कामाला लागते, त्याचा मुलगा तिच्यावर जीव लावतो, आणि तो सँडरसन शेजारचाच जमीनदार निघतो. गावातल्या चोंबडीकडून बाळाची गोष्ट म्हाताऱ्यापर्यंत पोचते. घरभर माणसं जेवायला बसलेली असताना तो तिला दाराकडं बोट दाखवतो. बाहेर हिमवादळ. सँडरसन त्याच टेबलावर पाहुणा म्हणून बसलाय. जाता जाता अ‍ॅना वळते आणि सगळ्यांसमोर त्याच्याकडं बोट करते: माझ्याबद्दल एवढी चौकशी केलीत, याच्याबद्दल का नाही केली?

आई सोफ्यावर पुढं सरकली. "ताटावरून उठवू नये कुणाला," ती म्हणाली. "वैऱ्यालाही नाही."

माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी दुसरीच बाई उभी होती. बेणारे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे. नाटक १९६७ सालचं, 'रंगायन'चं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. तिलाही भरल्या मंडळीत असंच कोपऱ्यात घेतात, खोट्या खटल्याचा खेळ खेळू म्हणत. तिच्याही पोटात मूल. ज्याचं आहे ते प्रोफेसर दामले तिथं येतच नाहीत, त्यांची नुसती रिकामी खुर्ची. आणि शेवटी तिचं ते लांबलचक स्वगत, जे म्हणायला मराठीतल्या किती नट्यांनी घसा फोडलाय. पण तेंडुलकरांनी काय केलंय बघा. ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे थिजलेले असतात. तिला जे म्हणायचंय ते फक्त आपण ऐकतो, खोलीतलं कुणी नाही.

मुक्या सिनेमातली अ‍ॅना बोलते आणि टेबलावरच्या प्रत्येकाला ऐकू जातं. बोलक्या नाटकातली बेणारे बोलते आणि कुणालाच जात नाही. हे सुचल्यावर मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

दादाच्या 'शब्द, शब्द'ला माझं उत्तर इथं सुरू होतं. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी प्रयोगशाळेत व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलत होते. लोक मान हलवायचे आणि माझ्या शेजारणीकडं बघायचे, तिनं तेच पुन्हा सांगावं म्हणून. शब्द माझ्याकडं होते, सगळे, जागच्या जागी. मी तेव्हा समोरच्याचे डोळे वाचायला शिकले. शब्द उच्चारला की काम झालं असं ज्याला वाटतं, त्याचं बोलणं आयुष्यभर कुणीतरी ऐकत आलेलं असतं.

पण अ‍ॅनाचं ऐकलं का जातं, हेही धड बघायला हवं. तिचं ऐकलं जातं कारण तिच्याकडं पुरावा आहे. लग्न खोटं होतं, पण तिला ते खरं वाटलं होतं. म्हणजे ती 'तसली' नाही. नाटककर्तीनं त्या खोट्या लग्नाची चिलखतासारखी सोय करून ठेवलीय. ती सोय आहे म्हणून म्हातारा शेवटी माफी मागतो, मुलगा बर्फावरून उड्या मारत तिला वाचवतो आणि सिनेमा संपता संपता एक सोडून तीन लग्नं लागतात. बेणारेकडं असं काही नाही. तिनं प्रेम केलं, एवढंच. तेंडुलकरांनी ते चिलखत काढून घेतलं आणि विचारलं, आता बोला.

आणि अमेरिकेतच एका राज्यात अ‍ॅनाचंही चिलखत काढून घेतलं गेलं होतं. पेन्सिल्व्हेनियात तेव्हा सरकारी सेन्सॉर मंडळ होतं. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओहायोच्या एका खटल्यात सांगून टाकलं होतं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य लागू नाही. ते मत बदलायला १९५२ उजाडलं. तर या मंडळानं 'वे डाउन ईस्ट'मध्ये साठहून जास्त ठिकाणी कात्री लावली. खोटं लग्न कापलं, त्यानंतरचा मधुचंद्र कापला, दिवस गेल्याचा प्रत्येक इशारा कापला. बाळाचं मरण तेवढं ठेवलं. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला एका बाईच्या मांडीवर अचानक एक मूल दिसे, आणि ते मरे. नीतीच्या नावाखाली कात्री चालवणाऱ्यांनी नेमका तिच्या निर्दोषपणाचा पुरावा कापून टाकला. तेंडुलकरांनी जे विचार करून केलं, ते या मंडळींनी न कळत केलं.

हे वाचून मला आधी आपल्याकडचं परिनिरीक्षण मंडळ आठवलं. १९७२ ला 'सखाराम बाइंडर'च्या वेळी मंडळानं सांगितलेली काटछाट न मानता कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, ती लढाई दादानंच मला लहानपणी पुराणासारखी सांगितली होती. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत राज्यांची ती मंडळं मोडीत निघाली. म्हणून 'आमच्याकडं बरं' म्हणायला मी तोंड उघडणार होते, तोवर गेल्या वर्षीचं लेकीच्या शाळेतलं नाटक आठवलं. एका पालकाचं पत्र आलं आणि दोन वाक्यं आणि एक चुंबन गळालं. मंडळ नाही, सही नाही, शिक्का नाही. कुणाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं? सारंगांपुढं निदान प्रतिवादी तरी होता.

दादाचं एक म्हणणं मात्र मी आडून आडून मान्य करते. नाटकावरून केलेल्या आपल्या बऱ्याच सिनेमांत शब्द न कापण्याचाच अट्टहास असतो. 'नटसम्राट' १९७० चं नाटक. त्यातली स्वगतं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला लिहिलेली. शिरवाडकरांनी त्या अंतराचा हिशेब करून भाषा चढवलीय. २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकरांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि शब्द अजून शेवटच्या रांगेकडंच चालले होते. मी रडले, खोटं कशाला सांगू. पण एकदा ते स्वगत आवाज बंद करून बघितलं, तेव्हा जास्त कळलं. थकलेल्या जबड्यात काहीतरी चाललं होतं जे शब्दांच्या गर्दीत दिसत नव्हतं. दादा म्हणेल हा नाटकद्रोह आहे. असेल. पण ग्रिफिथनं शिळ्या नाटकाबरोबर हेच केलं. संवाद नाइलाजानं गेले, आणि रंगमंचावर जे कधीच मावलं नसतं ते आलं: खरी नदी आणि पापण्यांवर खरा बर्फ साचलेला एक चेहरा. १९३५ मध्ये हाच सिनेमा बोलका करून पुन्हा काढला, हेन्री फोंडाला घेऊन. शब्द परत आले. आज त्याचं नावही कुणी काढत नाही.

दादाला नाटकाबद्दल भीती वाटते याचं कारण मी समजू शकते. त्याच्या गावात नाटक अजून जिवंत आहे. विष्णुदासांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते गाव. देवलांनी 'संगीत शारदा' आणली १८९९ ला, म्हणजे इथल्या या नाटकानंतर एकाच वर्षानं, आणि तेही याच जातीचं: मुलीवर अन्याय, रडारड, सुधारणेचा उपदेश, भरगच्च प्रयोग. शारदेची पदं आई आजही भाजी निवडताना म्हणते. पार्करबाईंच्या नाटकातली एक ओळ इथं कुणाला पाठ असेल तर शपथ. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, गावोगावच्या जुन्या 'ऑपेरा हाऊस'मध्ये फिरत्या कंपन्या यायच्या, त्या सिनेमानं संपवल्या. ग्रिफिथचा सिनेमा तर ऑर्केस्ट्रा घेऊन, नाटकाच्या दरानं तिकिटं लावून त्याच वाटांनी फिरला. त्या अर्थानं दादाची भीती खोटी नाही. पिझ्झानं पुरणपोळी खाल्ल्याचं उदाहरण माझ्या दारातच आहे.

म्हणूनच मला त्याच्याशी भांडायचं होतं ते वेगळ्या गोष्टीवरून, आणि ते ग्रुपवर नको होतं. त्याला स्वतंत्र मेसेज केला.

साल १९८४ असेल. दादा कॉलेजात, मी दहा वर्षांची. सांगलीजवळच्या एका गावात उत्सवाला त्याच्या ग्रुपनं 'शांतता!' केलं. दादा सुखात्मे वकील झाला होता, आबांचा काळा कोट घालून. प्रयोगाच्या आदल्या दिवशी यजमानांनी अट घातली: बायाबापड्या, म्हातारी माणसं येणार, बेणारे गरोदर दाखवायची नाही. पोरांनी रात्रीत सोय लावली. मूल काढून टाकलं आणि प्रकरण नुसतं 'एका विवाहित माणसाशी गाठीभेटी' एवढ्यावर आणलं. शिक्षा मात्र तेवढ्याच त्वेषानं ठोठावली. मी आईच्या मांडीला टेकून पहिल्या रांगेत बसले होते. घरी येताना बैलगाडीत विचारलं, "पण तिनं केलं काय?" कुणी उत्तर दिलं नाही.

दादाला लिहिलं: पेन्सिल्व्हेनियाच्या त्या प्रेक्षकांना मी ओळखते. मी त्यांच्यातच बसले होते. तिथं मूल दिसे आणि कारण नव्हतं, आपल्याकडं शिक्षा होती आणि मूल नव्हतं. कात्री तुझ्या हातात होती. शब्दाला हात लावू नका म्हणतोस ते ठीक, पण सिनेमावाल्यांच्या आधी तू लावलायस.

दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा. मग व्हॉइस मेसेज आला, मागं कुकरची शिट्टी. "यजमान म्हणाले म्हणून, हे खरं नाही गं," दादा म्हणाला. "ते निघून गेल्यावर आम्ही पूर्ण करू शकलो असतो. ते नऊ वाजताच घरी गेले होते. पण पहिल्या अंकाला टाळ्या पडल्या ना. मग म्हटलं कशाला." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "बेणारे करणारी मुलगी मात्र तीन दिवस आमच्याशी बोलली नाही. आम्हाला वाटलं, भाव खातेय."

मी त्याला सिनेमा पाठवला. इतका जुना आहे की हक्कबिक्क सगळे संपलेत, फुकट सापडतो. रविवारी त्याच्याकडं रात्रीचे नऊ, आमच्याकडं सकाळ. व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडं एकदम सुरू केला. लेक पाट्या वाचत होती. बारशाच्या वेळी दादा काही बोलला नाही. जेवणाच्या प्रसंगाला त्यानं आवाज वाढव म्हणून सांगितलं, मग त्याचं त्यालाच हसू आलं. मधे मधे गावंढळ विनोदाचे जे लांबच लांब तुकडे येतात, वेंधळा कॉन्स्टेबल, फुलपाखरं पकडणारा प्रोफेसर, ते चालू झाल्यावर मात्र तो चुळबुळ करायला लागला. तिसऱ्यांदा तो कॉन्स्टेबल दारातून आत आला तेव्हा दादानं चष्मा काढला.

"हे सगळं," तो म्हणाला, "कापायला पाहिजे होतं."